आखाडा, तांडा, वस्ती: नकाशावर आणायची कशी?

जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की पैठणपासून नांदेडपर्यंत गोदाकाठाची झोप उडते. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्याची दक्षिण बाजू याच नदीला लागून आहे. पात्र ओलांडले की बीड जिल्हा. ऑगस्ट २००६ चा पूर जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. सप्टेंबर २०२५ चा तर कालपरवाचा. त्या महिन्याच्या अखेरीस धरणातून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी सोडावे लागले. अशा वेळी सूचना ठरलेली असते: ‘नदीकाठच्या वस्त्यांनी सुरक्षित स्थळी जावे.’

वस्त्या कोणत्या, त्यांत घरे किती आणि तिथे जायची वाट कोणती, हे गावच्या कोतवालाला तोंडपाठ असते. पण बोट घेऊन पुण्याहून निघालेल्या एनडीआरएफच्या तुकडीला, किंवा रात्री बदलीवर आलेल्या १०८ रुग्णवाहिकेच्या चालकाला ते कुठून कळणार? त्याच्या हातातल्या मोबाइलवर गाव दिसते, पेट्रोल पंप दिसतो, मंगल कार्यालयही दिसते. शेतातली बारा घरांची वस्ती मात्र तिथे हिरव्या-करड्या रंगात हरवलेली असते.

सरकारी नकाशांचीही मर्यादा आहे. गावनकाशात गटांच्या हद्दी असतात, घरे नसतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली ती गावठाणाची. आपल्याकडे तर विहीर, मोटार आणि जनावरे सांभाळायची म्हणून कितीतरी कुटुंबे गावठाण सोडून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, राहायला गेली आहेत. संकटात आधी सापडतात तीच, आणि नकाशावर नसतात तीही तीच.

ही उणीव भरून काढायला कोणाच्या मंजुरीची, टेंडरची किंवा निधीची वाट पाहावी लागत नाही. गावातली चार-सहा माणसे, दोन मोबाइल आणि एखादा लॅपटॉप एवढ्यावर हे काम होते. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर ते कसे करायचे ते पाहू.

हा नकाशा कोणाचा?

ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्यांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. खाते उघडून कोणीही त्यात भर घालू शकतो आणि त्यातली माहिती श्रेय देऊन कोणीही फुकट वापरू शकतो.

मदतकार्यातला त्याचा उपयोग जगाला कळला तो १२ जानेवारी २०१० च्या हैतीतील भूकंपानंतर. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशा बचाव पथकांकडे नव्हता. जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रे पाहून घरबसल्या रस्ते, इमारती आणि तंबूंच्या छावण्या रेखाटल्या, आणि काही दिवसांत पथके तोच नकाशा घेऊन फिरू लागली. त्याच वर्षी ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’, म्हणजे ‘हॉट’, ही संस्था आकाराला आली. २०१४ मध्ये अमेरिकन व ब्रिटिश रेड क्रॉस, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि हॉट यांनी ‘मिसिंग मॅप्स’ हा प्रकल्प हाती घेतला. संकट येण्याआधीच दुर्लक्षित वस्त्यांचे नकाशे तयार ठेवायचे, हा त्याचा हेतू. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला तेव्हा हजारो स्वयंसेवक कामाला लागले. पण काठमांडूच्या ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ या स्थानिक गटाने त्याआधीच दोन-तीन वर्षे शहरातल्या शाळा, दवाखाने आणि रस्ते नोंदवून ठेवले होते, म्हणून त्या कामाला बूड होते.

घनसावंगीसाठी धडा इथेच आहे. लंडनमध्ये बसलेला स्वयंसेवक आपल्या शिवारातले पत्र्याचे छप्पर पाहून चौकोन काढू शकेल. पण ते घर आहे की गोठा, त्या वस्तीला लोक काय म्हणतात, आणि तिकडे जाणारी वाट जुलैत चालू असते की बंद, हे त्याला आकाशातून दिसत नाही. रेघा बाहेरचा माणूस देईल. नाव आणि पावसाळ्याची खबर गावानेच द्यायची आहे.

आधी आहे काय ते बघा

नवीन काही टाकण्याआधी ओपनस्ट्रीटमॅप डॉट ऑर्ग उघडा, घनसावंगी शोधा आणि आपल्या गावावर या. वही घेऊन तीन रकाने करा: नकाशावर आहे, चुकीचे आहे, नाही. गावाचे नाव बरोबर जागी आहे का? मुख्य रस्ता आहे का? जिल्हा परिषदेची शाळा, आरोग्य उपकेंद्र, ग्रामपंचायत दिसते का? नदी-ओढ्यांवरचे पूल आहेत का? वस्त्या किती दिसतात आणि प्रत्यक्षात किती आहेत? ही यादी पोलीस पाटील, आशाताई आणि एखादा जुना गुराखी यांना सोबत बसवून करा. आशाताई रोज दारोदार फिरतात. वस्त्यांची खरी मोजदाद त्यांच्याकडे असते.

घरबसल्या करायचे काम

संकेतस्थळावर ई-मेल देऊन खाते उघडा. नकाशा पुरेसा मोठा केला की ‘एडिट’चे बटण चालू होते आणि ‘आयडी’ नावाचा संपादक उघडतो. सुरुवातीला तो एक छोटा सराव करून घेतो. तो टाळू नका. मग उपग्रह छायाचित्र समोर येते आणि वर तीन गोष्टी दिसतात: बिंदू, रेषा, क्षेत्र. हातपंप किंवा वस्तीचे नाव म्हणजे बिंदू. रस्ता, ओढा म्हणजे रेषा. घर, शाळा, तळे म्हणजे क्षेत्र.

समजा, एक आखाडा काढायचा आहे. छायाचित्रात पत्र्याचे छप्पर चकाकते, शेजारी कडब्याची गंज पिवळी दिसते आणि झाडाची सावली काळी. ‘क्षेत्र’ निवडा, छपराच्या चारही कोपऱ्यांवर एकेक क्लिक करा आणि शेवटच्या कोपऱ्यावर दोनदा. बाजूच्या पट्टीत ‘बिल्डिंग’ निवडा. कोपरे वाकडे आले असतील तर ‘क्यू’ ही कळ दाबा, काटकोन होतात. सावली इमारतीत धरू नका आणि गंजीला घर समजू नका. मग तिथून मुख्य रस्त्याला मिळणारी वाट रेषेने जोडा. रेषा रस्त्याला खरोखर चिकटली पाहिजे. पडद्यावर चिकटलेली वाटली तरी दोन्हींना सामाईक बिंदू नसेल, तर मार्ग शोधणारे अॅप त्या वाटेने कोणाला नेणारच नाही. जतन करताना काय केले ते एका ओळीत लिहा: ‘अमुक गावाच्या उत्तरेच्या वस्तीतील घरे व वाट.’ मागून तपासणाऱ्याला ते लागते.

दोन सावधगिऱ्या. छायाचित्र काही वर्षे जुने असू शकते. नवे बांधकाम त्यात नसेल आणि पडलेले घर असेल. दुसरी खास आपल्या भागातली. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी इथे गोदावरीवर उच्च पातळी बंधारे आहेत. बंधाऱ्यात पाणी अडवलेले असताना टिपलेल्या छायाचित्रात पात्र भरून पसरलेले दिसते, तर उन्हाळ्यातल्या छायाचित्रात वाळू. एका छायाचित्रावर भिस्त ठेवून नदीचा काठ सरकवू नका.

बाहेरून मदत घ्यायची असेल तर हॉटचे ‘टास्किंग मॅनेजर’ आहे. त्यात मोठा भाग लहान चौकोनांत वाटलेला असतो. एक चौकोन एका वेळी एकालाच मिळतो, दोन तासांत काम संपले नाही तर तो आपोआप मोकळा होतो, आणि पूर्ण झालेला चौकोन दुसरा अनुभवी माणूस तपासतो. सध्या कोणत्याही भागाचे काम चालू असो, त्यात दहा-बारा चौकोन करून पाहा. हात बसतो आणि आपली चूक दुसऱ्याच्या नजरेतून दिसते.

शिवारात करायचे काम

छायाचित्राने जे कळत नाही, ते पायाने कळते. अँड्रॉइड मोबाइलवर ‘स्ट्रीटकंप्लीट’ घ्या. तुम्ही उभे असाल तिथले प्रश्न ते विचारते: हा रस्ता डांबरी की कच्चा? या इमारतीला मजले किती? उत्तर दिले की नकाशात भर पडते. शिवारात रेंज नसली तरी उत्तरे मोबाइलमध्ये राहतात आणि नेटवर्क आल्यावर पुढे जातात. नव्या जागा टाकायला ‘एव्हरी डोअर’ हे अॅप सोपे पडते. वाट चालताना तिचा माग नोंदवायचा असेल तर ‘ऑसमँड’. मोकळ्या रानात मोबाइलचा जीपीएस साधारण पाच-दहा मीटरचा फरक दाखवतो; वस्ती शोधायला तेवढे पुरते, जमीन मोजायला नाही.

मोबाइल नको असलेल्यांसाठी कागद आहेच. नकाशाचा हवा तो भाग मोठ्या कागदावर छापा आणि पारावर पसरा. म्हातारी माणसे विजेची डीपी, चिंचेचे झाड, म्हसोबा यांवरून जागा अचूक सांगतात. लाल पेनाने खुणा करा आणि संध्याकाळी एकाने त्या संगणकावर चढवा. हे काम वेगाने होते आणि त्यात चुकाही कमी राहतात.

कोणती गोष्ट आधी?

सगळे एकदम टाकायला गेलात तर अर्ध्यावर दम तुटेल. हा क्रम ठेवा.

पहिले, वस्त्यांची नावे व जागा. वस्ती, वाडी, तांडा यांसाठी नकाशात ‘हॅम्लेट’ हा प्रकार आहे. शेतातल्या एकट्या-दुकट्या घरांसाठी ‘आयसोलेटेड ड्वेलिंग’. नुसते नाव बरोबर जागी पडले तरी निम्मे काम झाले.

दुसरे, वाटा, आणि त्यांतली बारमाही कोणती व आठमाही कोणती. काळ्या मातीची पाणंद उन्हाळ्यात ट्रॅक्टरला चालते, पण दोन पावसांत तिथे पाय रुततो. म्हणून रस्त्याचा पृष्ठभाग नोंदवणे अत्यावश्यक: डांबर, सिमेंट, खडी की माती. शेतवाटेला ‘ट्रॅक’ म्हणा. तिला गावरस्ता म्हणून टाकलेत तर रुग्णवाहिका त्यातच जाऊन फसेल.

तिसरे, पाणी आडवे येते त्या जागा. फरशी पूल, नळकांडी पूल आणि जिथे रस्ता थेट ओढ्यातून जातो ती जागा. शेवटच्या प्रकाराला ‘फोर्ड’ ही नोंद आहे, आणि दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्याला ‘फ्लड प्रोन’ अशी खूण जोडता येते. कोणत्या फरशीवर पाणी आले की कोणती वस्ती तुटते, हे माहीत असलेला नकाशा पुरात सोन्याच्या मोलाचा.

चौथे, आसरा आणि उपचार. जिल्हा परिषद शाळा, समाजमंदिर, सभागृह, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय. शाळा उंचावर आहे की ओढ्याकाठी, हे मदत केंद्र ठरवणाऱ्याला नकाशावरूनच दिसले पाहिजे.

पाचवे, पिण्याचे पाणी. हा तालुका पुराइतकाच दुष्काळानेही होरपळतो. २०१२-१३ च्या टंचाईत जालना जिल्ह्याची काय दशा झाली ते विसरता येणार नाही. सार्वजनिक विहीर, हातपंप, पाण्याची टाकी, टँकर थांबतो ती जागा नोंदवा. हातपंप बंद असेल तर तसे लिहा. टँकरची खेप कोणत्या वस्तीला किती लांब पडते, हे मग मोजून दाखवता येते.

सहावे, पूरखुणा. एखाद्या देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पाण्याची पातळी रंगवलेली किंवा कोरलेली असेल, तर तिची जागा आणि वर्ष टाका. पण ‘पाणी इथवर येते’ अशी रेघ मनाने मारू नका. निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग ठरवतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या.

नावात घोळ नको

आपल्याकडे एका नावाची गावे ढिगाने. अंतरवाली टेंभी घनसावंगी तालुक्यात आणि अंतरवाली सराटी शेजारच्या अंबड तालुक्यात. नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करून कोणी घाबऱ्याघुबऱ्या ‘अंतरवालीहून बोलतोय’ एवढेच म्हणाले, तर गाडी भलतीकडे वळायला वेळ लागत नाही. म्हणून गावाचे पूर्ण नाव लिहा. मराठी नाव देवनागरीत लिहायला वेगळा रकाना असतो. भाषेच्या यादीत मराठी निवडायची. रोमन नावाचे स्पेलिंग प्रत्येक जण वेगळे करतो, ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे ते धरा. कागदोपत्री नाव एक आणि बोलण्यात दुसरे असेल तर दोन्ही द्या. दुसऱ्यासाठी पर्यायी नावाचा रकाना आहे. वस्तीला आडनावाने ओळखत असतील तर ते नाव चालते, कारण ते वस्तीचे नाव झाले आहे. पण एकेका घरावर मालकाचे नाव घालू नका.

काय टाकायचे नाही

खुल्या नकाशात टाकलेले सगळ्या जगाला दिसते. एकटी राहणारी वृद्ध माणसे, गरोदर महिला, दिव्यांग, अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांची यादी मदतीसाठी हवीच. पण ती आशाताई आणि ग्रामपंचायतीकडे कागदावर राहू द्या. नकाशावर ती कदापि नको. खासगी मोबाइल क्रमांकही नकोत.

शेताचे बांध काढू नका. बांधावरून भावा-भावांत कोर्टकचेऱ्या चालतात, आणि मोबाइलवर काढलेली रेघ कोणीतरी पुरावा म्हणून नाचवेल. हद्दीचा निवाडा भूमी अभिलेखची मोजणी आणि सातबारा यांवरच होतो. पाणंद रस्त्यांचेही तसेच: गावनकाशात असलेली पण प्रत्यक्षात नांगरून टाकलेली पाणंद नकाशावर रस्ता म्हणून दाखवू नका. जमिनीवर जे आहे तेच टाकायचे, हा या नकाशाचा पहिला नियम.

दुसरा नियम: नक्कल नाही. गूगल मॅप्स, भुवन, महाभूनकाशा या संकेतस्थळांवरून पाहून नावे किंवा रेघा उतरवायच्या नाहीत. त्यांच्या माहितीचे हक्क वेगळे आहेत. संपादकातच दिलेली छायाचित्रे, स्वतःची पाहणी आणि गावकऱ्यांचे तोंडी सांगणे एवढेच आधार.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम सैल केले. भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे बनवायला पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांच्या काही तपशिलांवर मात्र निर्बंध आहेत. शाळा, हातपंप आणि शेतवाटा यांत तो प्रश्न येत नाही.

माणसे कशी जमवायची?

सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना. दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर होतेच. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक ही घडी मोडायची गरज नाही. रोज दुपारचे दोन तास शिवारफेरीला द्या. दोघादोघांच्या जोड्या करा, एकाकडे मोबाइल आणि दुसऱ्याकडे वही. प्रत्येक जोडीबरोबर त्या वस्तीतले एक माणूस हवे, शक्यतो बाई. पाण्याची, पायवाटांची आणि रात्रीच्या धोक्याची माहिती बायकांकडे जास्त असते, आणि पारावरच्या बैठकीत ती बोलली जात नाही.

शिबिर संपले की काम थांबते, ही जुनी खोड. ती मोडायची तर गावातलेच दोन जण पहिल्या दिवसापासून शिकवा: एखादा ग्रंथालयात बसणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, एखादी अंगणवाडी सेविका, महा-ई-सेवा केंद्र चालवणारा. पुढच्या दुरुस्त्या तेच करतील.

प्रशासनापर्यंत न्यायचे कसे?

नकाशा पूर्ण झाला म्हणजे तो वापरात आला असे नाही. एप्रिल-मेमध्ये तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व तयारीची बैठक होते. त्याआधी वस्त्यांची यादी, प्रत्येकीची साधारण घरे, बारमाही वाट आहे की नाही आणि जवळची आसऱ्याची शाळा, असे एकपानी टिपण आणि छापील नकाशा ग्रामपंचायतीच्या पत्रासह द्या. हॉटच्या ‘एक्स्पोर्ट टूल’मधून हीच माहिती संगणकावर वापरायच्या फाइलमध्ये काढता येते, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला ती उपयोगी पडते. मात्र हा सरकारी नकाशा नव्हे, सोबतीचा आहे, हे पत्रात स्पष्ट लिहा. ग्रामसभेत तो एकदा सर्वांसमोर वाचून घ्या. चुका तिथेच निघतात.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीचा चालक, आशाताई, पोलीस पाटील आणि पट्टीचे पोहणारे तरुण यांच्या मोबाइलमध्ये ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ बसवून आपल्या भागाचा नकाशा उतरवून द्या. पुरात वीज आणि टॉवर आधी जातात; हे अॅप इंटरनेटशिवाय चालते. संकेतस्थळावर दुरुस्ती काही मिनिटांत दिसते, पण ऑफलाइन अॅपमध्ये यायला काही आठवडे लागतात. म्हणून दुरुस्त्या एप्रिलअखेर संपवा आणि जूनच्या तोंडावर नकाशा पुन्हा उतरवून घ्या.

वर्षाचे वेळापत्रक असे बसते: दिवाळीनंतर छायाचित्रावरून घरे आणि वाटा, जानेवारी-फेब्रुवारीत शिवारफेरी, मार्चमध्ये तपासणी, एप्रिलमध्ये ग्रामसभा व तहसील. पावसाळा सरल्यावर वाहून गेलेले पूल आणि नव्याने झालेले रस्ते तेवढे बदलायचे. पहिल्या वर्षी सगळा तालुका घेऊ नका. गोदाकाठची दोन-तीन गावे नीट करा. शेजारची गावे पाहून विचारायला येतील.

काम जमले की नाही हे तपासायची सोपी रीत सांगतो. परगावच्या, या शिवारात कधी न आलेल्या माणसाला मोटारसायकल आणि ऑफलाइन नकाशा द्या, आणि सर्वांत लांबच्या वस्तीवरचा हातपंप शोधायला सांगा. वाटेत कोणालाही विचारायचे नाही. तो पोहोचला तर तेवढा भाग झाला. जिथे तो अडला, ती जागा वहीत लिहा. दुसऱ्या दिवशीचे काम तिथून सुरू करा.